वरच्या मजल्यावरचं मेलबर्न

नागापूर, ९ फेब्रुवारी २०२५

शुभांगीताई, जयभीम.

माझं अक्षर ओळखून पाकीट तसंच ठेवून द्याल, म्हणून पत्ता तुमच्या भाचीकडून, मित्राकडून, लिहून घेतला. आता उघडलंच आहे तर वाचा. फोन तुम्ही उचलत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर आम्हा तिघांनाही ब्लॉक केलंय. पोस्टमनला तेवढं ब्लॉक करता येत नाही.

भांडण तुमचं आणि तुमच्या भावाचं आहे, माझं नाही. तुमचे वडील, नाना, गेले, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुम्ही आईंना लातूरला न्यायचं म्हणालात. प्रशांत चार माणसांत बोलून गेला, की मुलगा जिवंत असताना आई जावयाच्या दारात राहणार नाही. तुम्ही पायरी उतरलात ते आजतागायत. तो चुकला, हे मी तेव्हाही त्याला सांगितलं होतं. तुम्हाला सांगायचं राहिलं.

बातमी अशी, की आम्ही ऑस्ट्रेलियाला जायच्या खटपटीत आहोत. हसा. मीही आधी हसले होते. प्रशांतचा टूलरूममधला जोडीदार, मिरजगावचा अजिनाथ, मेलबर्नला गेला आणि तिथून त्याने मशीनसमोर उभा असलेला स्वतःचा फोटो पाठवला. मशीन इथल्यासारखंच, काम इथलंच, फक्त खालची फरशी माझ्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ. त्या फोटोने आमच्या घराची झोप उडवली. प्रशांतच्या हातच्या कामाची तपासणी झाली, त्यात तो पास झाला. राहिली इंग्रजीची परीक्षा, आणि राहिलं वय. जुलैमध्ये त्याला पंचेचाळीस पूर्ण होतात. त्याआधी तिकडच्या सरकारचं आमंत्रण आलं तर आलं, नाहीतर ते दार कायमचं बंद. मी पडले मराठीची शिक्षिका. माझी तिकडे कुणाला गरज नाही, मी आपली त्याच्यामागची शेपूट. सगळा भार त्याच्या इंग्रजीवर आहे. तो कानाला हेडफोन लावून भिंतीशी इंग्रजीत बोलतो, आणि शेजारच्या बायका मला विचारतात, साहेबांचं बरं आहे ना?

आता आईंचं. त्यांना नेता येत नाही आणि त्यांना यायचंही नाही. तुमच्याकडे पाठवायचं नाही, हे तुमच्या भावाचे शब्द. त्या इथेच, खालच्या मजल्यावर, एकट्या राहणार. गुडघे सोडले तर त्या ठणठणीत आहेत. प्रश्न एवढाच, की त्यांना ते जमेल का आणि आम्हाला करमेल का.

त्यावर प्रशांतने त्याच्या धंद्यातला उपाय काढला. टूलरूममध्ये डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, तयार झाली की ती तशीच गिऱ्हाइकाला पाठवत नाहीत. आधी प्रेसवर चढवून ट्रायल घेतात, चार पत्रे ठोकून बघतात, कुठे अडतंय, कुठे कड फाटतेय. म्हणाला, "जाण्याचीपण ट्रायल घेऊ." म्हणजे आम्ही तिघांनी भाड्यासाठी बांधलेल्या वरच्या खोल्यांत जायचं. मागच्या बोळातून, लोखंडी जिन्याने ये-जा करायची. खाली फिरकायचं नाही. आईंशी बोलायचं ते फक्त व्हिडिओ कॉलवर, तेही मेलबर्नच्या वेळेने. तिथे दिवेलागण होते तेव्हा इथे दुपारचा चहा असतो. आईंना सगळं नीट समजावून सांगितलं. त्या हसून म्हणाल्या, "बघू तरी तुमची आस्ट्रेलिया."

निरोपसुद्धा त्यांनी खराखुरा दिला. खीर केली. बाबासाहेबांच्या फोटोसमोर आम्हाला उभं करून पंचशील म्हणून घेतलं. आम्ही बॅगा घेऊन फाटकाबाहेर पडलो, बोळाला वळसा घातला आणि तोंड दाबून हसत जिना चढलो. वर आलो तर खालून केरसुणीचा आवाज. ताई, तुम्हाला माहीतच आहे, आई शकुन-अपशकुन मानत नाहीत, पण गावाला जाणाऱ्याच्या पाठीवर त्या कधी केर काढत नाहीत. मी प्रशांतला म्हटलं, "बघ, हे खोटं जाणं आहे ते त्यांच्या बरोबर लक्षात आहे."

आठवडाभराचीच ट्रायल आहे. सवडीने दोन ओळी लिहा.

तुमची वहिनी,
यशोधरा

&nbsp;

नागापूर, २३ मार्च २०२५

शुभांगीताई,

तुमचं उत्तर नाही. नसू दे. मलाच लिहायची सवय लागली आहे.

ट्रायल अजून चालू आहे. आई इतक्या छान राहतात की बंद करायला कारणच सापडत नाही. दूध घेतात, भाजीवाल्याशी हुज्जत घालतात, संध्याकाळी विहारात जाऊन येतात. आणि बोलतात! प्रशांतशी समोरासमोर त्या दिवसाला चार वाक्यं बोलायच्या, त्यातली दोन जेवणाची. आता फोनवर तास तास गप्पा. तो पहिल्या शिफ्टहून येतो, तोंड धुतो, खिडकीवर चादर टाकतो, ट्यूब लावतो आणि कोऱ्या भिंतीला पाठ करून बसतो. चादर अशासाठी, की तिकडे अंधार पडलेला असतो. हे आम्ही आधी गंमत म्हणून केलं. मग एकदा चादर लावायची राहिली तर आई म्हणाल्या, "अजून ऊन कसं रं तुज्याकडं?" तेव्हापासून कधी राहिली नाही.

मागच्या आठवड्यात त्यांनी फोनवर त्याला विचारलं, "पशा, वरती भाडेकरू ठिवलेत का रं? पावलं वाजत्यात."

आम्ही तिघंही थबकलो. मित्राने चप्पलसुद्धा घातली नव्हती. प्रशांत म्हणाला, "हो आई, ठेवलेत."

मी त्याच्याकडे डोळे वटारले. त्याने आवाज बंद केला आणि मला म्हणाला, "मग पावलांचं काय सांगू?" खरं उत्तर फार सोपं होतं, ते दोघांनाही सुचलं नाही.

आणखी एक. काल मला कुकरची रिंग हवी होती. म्हटलं, आई विहारात असतील, पटकन घेऊन येते. खाली स्वयंपाकघरात गेले तर त्या भाकरी थापत होत्या. मान वर करून म्हणाल्या, "कोन पायजे?"

मी हसले. त्यांचा खट्याळपणा तुम्हाला माहीत आहे. खेळ म्हणजे खेळ, त्या माझ्याहून पक्क्या. मी म्हटलं, "आई, रिंग न्यायला आले हो कुकरची." त्यांनी हात धुतले, फडताळातून रिंग काढून दिली आणि म्हणाल्या, "वापरून झाली का आनून द्या. सुनंची हाय."

हे ऐकताना प्रशांत खूप हसला. मीही हसले. पण रिंग मी कुकरला लावली नाही, वरण पातेल्यातच शिजवलं.

यशोधरा

&nbsp;

नागापूर, २० एप्रिल २०२५

शुभांगीताई,

आता हे वाचून मला लगेच फोन करा. जमल्यास आजच.

जयंतीच्या दिवशी ट्रायल संपवायची असं ठरवलं होतं. सकाळी तिघांनी पांढरे कपडे घातले, पेढे घेतले आणि पुढच्या फाटकातून, चांगले राजरोस, आईंच्या दाराशी गेलो. बोळात निळे झेंडे लागले होते, पोरांनी स्पीकर लावला होता. आईंनी दार उघडलं. मी वाकून पाया पडले. त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाल्या, "वरचे ना तुमी? या की. जयभीम."

प्रशांत म्हणाला, "आई, पुरे आता. संपली ट्रायल."

त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळून कौतुकाने म्हणाल्या, "आमच्या पशावानी लईच दिसत्यात हो ह्ये. बोलनं बी तसंच." आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. पाणी दिलं, ताटलीत बुंदी दिली. पाहुण्यांच्या ताटल्या, नक्षीवाल्या, ज्या मी या घरात आल्यापासून कधी माझ्यापुढे आल्या नाहीत. मित्रा रडायला लागली. तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाल्या, "आमची नात बी एवढीच हाय. आस्ट्रेलियाला असती. थांबा, तुमाला दावते."

आणि त्यांनी स्टँडवरचा फोन घेऊन कॉल लावला.

प्रशांतच्या खिशात फोन वाजला, ताई. आम्ही सगळे त्या खोलीत बसलो होतो. त्याने फोन बाहेर काढला. पडद्यावर आईंचा चेहरा आणि समोर आई. त्याचा अंगठा हिरव्या खुणेवर गेला. मी मानेने नको म्हटलं. उचलला असता तर काय दिसलं असतं त्यांना, मला आजही ठरवता येत नाही. त्याने कॉल तोडला.

आईंनी फोन परत स्टँडवर ठेवला. "कामात आसंल," म्हणाल्या. "बुंदी खावा."

त्यांना त्याच्या खिशातला आवाज ऐकू गेला होता. त्या बहिऱ्या नाहीत.

यशोधरा

&nbsp;

नागापूर, ८ जून २०२५

शुभांगीताई,

तुमचा फोन आला नाही. पत्र मिळालं नसेल असं मी मनाला सांगते.

आईंना डॉक्टरांकडे नेलं. नेलं कसं ते ऐका. प्रशांतने वरून फोन केला, "आई, वरचे भाडेकरू चांगले आहेत, त्यांच्याबरोबर तपासून ये." मग तो चादर काढून, शर्ट बदलून, मागून खाली उतरला आणि पुढून भाडेकरू म्हणून रिक्षा घेऊन आला. डॉक्टरांनी तारीख विचारली, वार विचारला, सामानाची नावं सांगून मागून परत म्हणून घेतली. आईंचं एकही चुकलं नाही. डोक्याचा फोटोही स्वच्छ निघाला. आम्ही खरं काय ते डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, असं क्वचित होतं. चेहरा ओळखू येतो, पण त्या चेहऱ्याबद्दलची आपली माया त्याच्याशी जोडली जात नाही, मग मन म्हणतं हा तो नव्हेच. गोळ्या दिल्यात. आई त्या न चुकता घेतात आणि फोनवर लेकाला तसं सांगतात.

म्हटलं, फोनच बंद करू. दोन दिवस कॉल केला नाही. आईंनी चूल पेटवली नाही. फोनसमोर पाट मांडून बसून राहिल्या, पाणीसुद्धा माझ्या हातून घेईनात. तिसऱ्या दिवशी प्रशांतला राहवेना. त्याने कॉल लावल्याबरोबर खालून भांड्यांचा आवाज यायला लागला.

म्हणजे त्या फोनमधल्या प्रशांतच्या जिवावर जगतात, आणि तो जगवायचा तर आम्हाला वरच राहायला हवं. परीक्षा पास होऊन खरोखर गेलो तर निदान सगळं खरं तरी होईल, असं प्रशांतच्या मनाने घेतलंय. या एका आशेवर तो अभ्यास करतो. मेमध्ये पुण्याला परीक्षा दिली. एका खोलीत सगळे आपापल्या मायक्रोफोनमध्ये एकदम बोलत होते म्हणे, आणि मध्येच त्याला स्वतःचा आवाज ओळखू येईना. बोलण्यात पास, लेखनात थोडक्यात गेला. पुन्हा भरलीय. मित्राला मी पुण्याला माझ्या बहिणीकडे ठेवलं. ती म्हणाली, मी त्या भिंतीपुढे आता बसणार नाही.

मी मात्र रोज खाली जाते. वरची बाई म्हणून. भाजी निसायला, धान्य निवडायला काही असलं की आई हाक मारतात. काल शेंगा फोडत बसलो होतो. मी विचारलं, "तुमची सून कशी आहे हो?"

"चांगली हाय," म्हणाल्या. "तोंडानं फटकळ, पन माज्या आजारपनात तिनं लई केलं. मी तिला कदी बोलले न्हाई तसं. बोलायचं आसतं व्हय सुनंला?" मग बराच वेळ शेंगा फोडत राहिल्या आणि म्हणाल्या, "जाताना हसत हुती हो. मला सोडून जाताना हसू आलं तिला."

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. वीस वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो ऐकला, आणि तो मला म्हणून कुणी सांगितलाच नाही.

एक गोष्ट मी तुम्हाला पहिल्या पत्रात लिहिली नाही. ट्रायल सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. भर दुपारी आई लोखंडी जिना चढून वर आल्या होत्या. त्या गुडघ्यांनी. पायरीपायरीला थांबलेल्या ऐकू येत होत्या. दाराशी येऊन म्हणाल्या, "पशा, मला न्हाई जमत हे. चला खाली." प्रशांतने तोंडावर बोट ठेवलं. म्हणाला, "आत्ता दार उघडलं तर ट्रायल कशाची?" आम्ही तिघं श्वास रोखून बसलो. टीव्हीचा आवाजसुद्धा बंद केला. त्यांनी कडी वाजवली, मग थोडं थांबून, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "कोन न्हाई वाटतं." आणि उतरून गेल्या. त्यानंतर त्या एकदाही वर आल्या नाहीत.

डॉक्टरांना आम्ही हे सांगितलं नाही.

यशोधरा

&nbsp;

नागापूर, २० जुलै २०२५

शुभांगीताई,

प्रशांतचा वाढदिवस होऊन गेला. दुसऱ्या परीक्षेत तो पास झाला, चांगला पास झाला, पण आमंत्रण आलं नाही. पुण्याच्या एजंटने दोन ओळींचा मेसेज पाठवला, वयाची अट, क्षमस्व. संपलं. एवढ्या दिवसांत मला वाटायचं, हे असं झालं तर मी ढसाढसा रडेन. प्रत्यक्षात मी मोठा श्वास घेतला. म्हटलं, आता कुठेच जायचं नाही म्हणजे आता खाली जायचं.

प्रशांतने डोकं लढवलं. जाण्याची ट्रायल केली तसं येणंही रीतसर करू. त्याने फोनवर आईंना सांगितलं, "आई, आम्ही परत येतोय. कायमचे." आईंचं हसणं पडद्यात मावेना. आम्ही पहाटेच बॅगा घेऊन सुप्याला गेलो, तिथल्या एका हॉटेलात दुपारपर्यंत बसून राहिलो. मग त्याने गाडी केली, धूळ बसलेल्या बॅगा टपावर टाकल्या आणि विमानतळावरून येतात तसे आम्ही आलो. तुम्ही हसाल, मी गळ्यात उशीसुद्धा अडकवली होती.

आई फाटकात उभ्या होत्या. पांढरं लुगडं, केस विंचरलेले. शेजारपाजारच्या बायका बोलावलेल्या. घरात शेंगोळ्यांचा वास सुटला होता. गाडी थांबली, आम्ही उतरलो. आईंनी आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागे गाडीत पाहिलं, मग गाडीच्या मागे रस्त्यावर.

"तुमी गेल्ता व्हय त्यांना आनाया?" त्या म्हणाल्या. "मग ते कुठं हायेत?"

शेजारच्या बायका ओरडल्या, "अहो आई, हा काय प्रशांत!" आईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की त्या आपल्या घरी निघून गेल्या. परत कुणी आलं नाही. लोक आता आमच्या फाटकासमोरून जाताना बोलणं थांबवतात.

त्यांनी आम्हाला आत घेतलं, वाढलं. स्वतः उंबऱ्यात बसल्या. दिवे लागले तरी रस्त्याकडे बघत. मग पदर तोंडाला लावून रडायला लागल्या, "न्हाई आला. माजा पशा न्हाई आला." प्रशांत त्यांच्या मागे दोन हातांवर उभा होता. त्याने दोनदा आई म्हटलं. दुसऱ्यांदा त्या वैतागून म्हणाल्या, "तुमी जेवा हो. मला बसू द्या."

तो तिथून निघून गेला. मागचा जिना वाजला. थोड्याच वेळात स्टँडवरचा फोन वाजला, आणि त्यात तो होता, भिंतीला पाठ करून, घामाने भिजलेला. अंगात स्वेटर होता, तिकडे आता थंडी आहे म्हणून. म्हणाला, "आई, विमान रद्द झालं गं." आईंचा चेहरा उजळला. ताई, तसा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नाही. पडद्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "आसू दे रं राजा. जीव सलामत हाय ना?"

त्या दिवसापासून प्रशांत कामावरून आला की वर जातो तो वरच. कॉल संपला तरी चादर काढत नाही. मी चहा घेऊन गेले की त्याला डोळे चोळावे लागतात. परवा मला म्हणाला, "इथे बसलो की मी तिचा मुलगा असतो. खाली गेलो की कुणीतरी." मला राग आला. म्हटलं, "आणि माझा कोण? मी कुठल्या देशात बघायचं तुला?" त्याने चादरीचं टोक खिडकीत नीट खोचलं.

मी हात जोडते. तुम्ही या. तुम्ही तेवढ्या राहिलात ज्यांना आईंनी पडद्यात पाहिलेलं नाही. तुम्हाला त्या नक्की ओळखतील. तुम्ही त्याचा हात धरून सांगितलंत, की आई, हा पशा, तर त्या तुमचं ऐकतील. लेकीचं ऐकतील. आम्हाला दुसरं कुणी नाही. त्याने त्या दिवशी तुम्हाला जे सुनावलं त्याबद्दल मी माफी मागते. तो मागेल का ते मला माहीत नाही, पण आता मला त्याची पर्वा नाही. मला आमच्या घरात आमच्या नावाने परत जायचं आहे, एवढंच.

यशोधरा

&nbsp;

नागापूर, ३१ ऑगस्ट २०२५

शुभांगीताई, जयभीम.

आई लातूरला सुखरूप पोचल्याचं कळलं. तुमच्या बाल्कनीत बसून त्या फोनवर बोलतात, मागे तुमची तुळस दिसते. रंग सुधारलाय त्यांचा.

तुम्ही आलात, हे मी विसरणार नाही. फाटकाशी तुम्हाला पाहून आई "शुभे" म्हणून ओरडल्या, तेव्हा मी अंगणात उभी होते. मी तिथेच बसले. म्हटलं, सुटलो. मग तुम्ही प्रशांतचा हात धरून त्याला पुढे नेलंत. त्यांनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. कपाळ पाहिलं, कान पाहिले. तो लहान मुलासारखा डोळे मिटून उभा होता. आणि त्या तुमच्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाल्या, "शुभे, परक्या मानसाची आशी थट्टा करू न्हाई. त्यांना बी आई आसंल."

तुम्ही त्याचा हात सोडलात ते मला दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्यांना घेऊन जायचं म्हणालात तेव्हा प्रशांत आडवा आला नाही. आईंची बॅग त्यानेच उचलली. तो त्याचा हट्ट, ज्यापायी तुम्ही घर सोडलंत, तो कुठे गेला कुणास ठाऊक.

पण पुढचं तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गाडीत बसून ड्रायव्हरला रस्ता सांगत होतात. आईंनी खालच्या दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि चावी प्रशांतच्या तळहातावर ठेवली. म्हणाल्या, "आमचा पशा आला का त्याला द्या. दुसऱ्या कुनाच्या हाती देऊ नका. तुमच्यावर इस्वास हाय माजा."

प्रशांत म्हणाला, "देतो, आई."

"आई म्हनलात, बरं वाटलं," त्या म्हणाल्या, आणि गाडीत बसल्या.

आम्ही अजून वरच राहतो. तो रोज दुपारी तुमच्याकडे फोन लावतो, ते तुम्ही बघताच. बोलतो, हसतो, मेलबर्नमधल्या पावसाचं सांगतो. तुम्हीही मध्ये डोकावून त्याच्याशी गप्पा मारता, त्याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. पडद्यात तो खरंच जुन्यासारखा दिसतो. मलाही दिसतो. मी समोर बसून त्याच्याकडे न बघता फोनमधल्या छोट्या चौकोनात बघते.

काल खूप पाऊस झाला. खाली स्वयंपाकघरात पाणी शिरलं असेल म्हणून मी चावी मागितली. त्याने दिली नाही. "ती आपल्याला दिलेली नाही," म्हणाला. मी चिडले. म्हटलं, "अरे, घर तुझं आहे! ज्याला द्यायला सांगितली तो तूच आहेस!" त्याने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग चावी रुमालात गुंडाळली, कपाटात ठेवली आणि मला विचारलं, "तो कधी येतोय म्हणाला का काही?"

ताई, तुम्ही परत एकदा या. आईंना नका आणू. फोन बंद ठेवा आणि समोर उभं राहून त्याला पशा म्हणून हाक मारा. आज सकाळी मी मारून पाहिली. तो दाराकडे बघत राहिला, कोण आलंय ते.

यशोधरा